रत्नागिरीची लोकसंख्या का घटली? खोती, बौद्धवाडी आणि जनगणनेचा कागद

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांपैकी फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत कमी झाली. एक मुंबई शहर. उरलेले दोन म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीत २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार माणसे होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आला. २०११ मध्ये महाराष्ट्रात चौरस किलोमीटरला ३६५ माणसे राहत होती, रत्नागिरीत १९७ आणि सिंधुदुर्गात १६३.

हे आकडे निघाले की वर्तमानपत्रांतून ठरलेले लेख येतात. कोकणी माणूस आळशी आहे, त्याला मुंबईची चटक लागली, भाऊबंदकीने कोकण बुडाले, तरुणांना शेती नको. या लेखांत एक शब्द कधीही सापडत नाही. तो शब्द आहे खोती. आणि एक वस्ती कधीही दिसत नाही, ती म्हणजे गावाच्या कडेची बौद्धवाडी. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या पोरांनी गाव सोडणे आणि ज्यांना गावात पाय ठेवायला स्वतःची जागाच नव्हती त्यांनी गाव सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्या एकत्र कालवल्या. आम्ही त्या वेगळ्या करून पाहणार आहोत.

जमीन खोताची, घाम कुळाचा

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे खोती गावे होती. खोत हा मुळात सरकारचा सारा वसूल करणारा मध्यस्थ. पण हे काम वंशपरंपरेने चालत आले आणि वसुली करणारा गावाचा मालक होऊन बसला. ब्रिटिशांनी १८८० चा खोती कायदा करून या मालकीला कायद्याचा आधार दिला. कुळाने भात पिकवायचे आणि निम्मा वाटा खोताच्या कणगीत न्यायचा. शिवाय वेठ वेगळी. खोताच्या घरचे लाकूड फोडणे, पालखी-डोली उचलणे, त्याच्या शेतात फुकट राबणे. खोत बहुतेक ठिकाणी ब्राह्मण किंवा मराठा, काही ठिकाणी मुसलमान. कुळे म्हणजे कुणबी, आगरी, भंडारी आणि महार. कुणबी आणि महार एकाच खोताखाली पिळले जात होते. पण कुणब्याला निदान गावाच्या विहिरीवर पाणी मिळत होते.

देशावरच्या महाराकडे वतनाचा तुकडा तरी असे. तो तुकडा म्हणजे गुलामीची साखळीच होती, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते त्यामुळेच. पण कोकणातल्या महाराला वतनाचा तो आधारही फारसा नव्हता. गावात त्याला धरून ठेवणारे काही नव्हते आणि गावाबाहेर जाण्यावाचून इलाज नव्हता. कोकणातला महार इतरांच्या आधी बाहेर पडला आणि इतरांच्या आधी जागा झाला, याचे एक कारण इथे आहे.

पहिला मार्ग लष्कराचा. दापोली हे निवृत्त सैनिकांचे ठिकाण झाले. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन दापोलीतच राहिले आणि तिथूनच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी सकपाळ सुभेदार झाले आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. एका हुकमाने एका समाजाची पेन्शन, शाळा आणि इज्जत यांचा दरवाजा बंद झाला. वलंगकरांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला, तो याच जखमेतून.

दुसरा मार्ग मुंबईचा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीत जन्मलेल्यांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास होती, म्हणजे मुंबईतल्या दर सहा माणसांमागे एक रत्नागिरीचा. १९२१ पर्यंत हा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. तेव्हा स्थलांतर कालचे नाही. आजोबा-पणजोबांच्या काळापासून हा जिल्हा मुंबईला माणसे पुरवतो आहे.

गिरणीतही जात सोबत गेली

मुंबईत गेलो म्हणजे जातीतून सुटलो, असे झाले नाही. गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटीची सफाई आणि गिरणीतली हलक्या पगाराची खाती, एवढीच कामे आमच्या वाट्याला आली. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. मालकाविरुद्ध एकजूट हवी म्हणता, मग साच्यावर आमचा माणूस का चालत नाही? त्यांनी हा भेदभाव काढण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालायला लावली. वर्ग आणि जात वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

राहण्याचेही तेच. माता रमाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील गेल्यावर ती लेकरे मुंबईला नातेवाईकांकडे आली. वणंदची वाडी, दाभोळचे बंदर, मुंबईची चाळ. कोकणातल्या हजारो कुटुंबांनी हीच वाट तुडवली आहे. स्वतः बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे २२ वर्षे राहिले. पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत गावची पाच-दहा माणसे पथाऱ्या टाकून राहिली. पाळीने काम, पाळीने झोप. बायको गावाला. मनीऑर्डर दर महिन्याला.

२०११ मध्येही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत. काही अभ्यासक हा आकडा कोकणी संस्कृतीच्या कौतुकासाठी वापरतात. आम्ही तो दुसऱ्या अर्थाने वाचतो. पुरुष बाहेर आहे, एवढेच हा आकडा सांगतो. मागे राहिलेल्या बाईने दुसऱ्याच्या खाचरात लावणी केली, भारे वाहिले, सासूसासरे सांभाळले. पण सरकारी कागदावर ती शेतकरी म्हणून लागली नाही.

कायदा आला, जमीन आली नाही

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध तोफ डागली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला वाजवी भरपाई देऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमिनीचा कब्जेदार करण्याची तरतूद होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार होते तसे कुणबी आणि आगरीही होते. बाबासाहेबांना फक्त एका जातीचा नेता म्हणणाऱ्यांनी हा मोर्चा आठवावा. काँग्रेस सरकारने ते विधेयक पुढे जाऊ दिले नाही.

खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ चा. स्वातंत्र्यानंतर. पण त्यात खोताच्या ताब्यातली खासगी जमीन खोताकडेच राहिली. ज्यांचे कुळहक्क आधीपासून कायम होते ते मालक होऊ शकले. ज्यांची कूळवहिवाट तोंडी होती त्यांना कुळकायद्याची वाट पाहावी लागली. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ मालक झाले असे कायदा म्हणतो. पण त्यासाठी कागदावर कूळ म्हणून नाव हवे, ३२ग च्या चौकशीला हजर राहायला हवे आणि ठरलेली किंमत भरायला हवी. कूळ हजर राहिले नाही किंवा 'घ्यायची नाही' असा जबाब झाला की खरेदी निष्प्रभावी.

आता विचार करा. घरातला वाचता येणारा पुरुष गिरणीत खाडा चुकवत राबतो आहे. गावात निरक्षर म्हातारा आणि बाई आहे. तलाठी, खोत आणि पोलीस पाटील एका ओटीवर बसणारे आहेत. त्यातच १९५६ ची धम्मदीक्षा झाली आहे. बौद्धवाडीने मेलेली ढोरे ओढणे, शिमग्याला वाजवणे, गावकीची हलकी कामे करणे सोडले आहे आणि गाव त्याचा सूड घेण्याच्या तयारीत आहे. अशा वेळी पीकपाहणीला कोणाचे नाव लागणार? ज्या स्थलांतराने आम्हाला जगवले, त्याच स्थलांतराने आमची जमीन कागदावरून पुसली. पोट भरायला गेलो म्हणून गैरहजर ठरलो.

याचे परिणाम पुढच्या प्रत्येक योजनेत दिसतात. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. आंबा-काजूच्या कलमांनी डोंगर हिरवे झाले. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना पूर्ण अनुदान होते. पण कलम लावायला सातबारा लागतो. अनुदान आमच्या नावाचे आणि डोंगर दुसऱ्याच्या नावाचा! मग बौद्धवाडीतली बाई बागेत मजुरीला गेली. घरकुलाचेही तसेच. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे, पण घराखालच्या जागेचा कागद नसेल तर अर्ज टेबलावर अडतो. चार पिढ्या ज्या जोत्यावर राहिल्या त्या घरठाणाचा मालक सातबाऱ्यावर भलताच निघतो. उद्या महामार्ग आला, प्रकल्प आला, तर मोबदला कागदावरच्या नावाला मिळेल.

गिरण्या बंद, वाटही बंद

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. मनीऑर्डर आटली. ज्यांच्याकडे गावी शेती होती ते कसेबसे परतले. ज्यांच्याकडे नव्हती ते कुठे परतणार? ते मुंबईतच झोपडपट्टीत किंवा नालासोपारा, दिवा, कल्याणकडे सरकले. पोरे सिक्युरिटी, कुरिअर, कंत्राटी सफाईत लागली. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. गावाकडे कोकण रेल्वे आली, पण रेल्वेने माणसे परत आणण्यापेक्षा नेलीच जास्त. १९८२ नंतर लोकसंख्या गावाकडे वाढत राहायला हवी होती, पण २००१ ते २०११ या काळात ती उलट घटली. कारण परत यायला जमीनच नव्हती.

मोजणीत आम्ही कुठे आहोत?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ४ टक्के नोंदली गेली आणि बौद्धांची सुमारे ७ टक्के. बौद्ध जास्त आणि अनुसूचित जाती कमी, हे कसे? जिल्ह्यातले बौद्ध जवळपास सगळे पूर्वाश्रमीचे महार. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. पण जनगणनेत अनुसूचित जात मोजली जाते ती यादीतल्या जातीच्या नावाने. 'बौद्ध' हे त्या यादीतले नाव नाही. धर्माच्या आणि जातीच्या दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहिले की धर्माची नोंद होते आणि अनुसूचित जातीची होत नाही.

काही बांधव म्हणतील, आम्ही जात सोडली, पुन्हा ते नाव का लिहायचे? ही भावना आम्ही हलकी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला तो शब्द लिहिताना त्रास होणारच. पण जनगणनेचा रकाना ही श्रद्धेची कबुली नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे. संविधानाच्या कलम २४३ड प्रमाणे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेतल्या राखीव जागा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. वस्ती सुधारणेचा निधीही लोकसंख्या पाहून मिळतो. आधीच अर्धी वाडी मुंबईत मोजली जाते, कारण माणूस जिथे राहतो तिथेच मोजला जातो. उरलेली अर्धी कागदावर अनुसूचित नाही. मग वाडीत रस्ता नाही, पाणी नाही, पंचायतीत आपला सदस्य नाही, याचे नवल कसले? धर्म बौद्ध लिहा, अभिमानाने लिहा. जातीच्या रकान्यात कायद्याच्या यादीतली जात लिहा. दोन्ही आपले हक्क आहेत.

येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि यावेळी सर्वच जातींची नोंद होणार आहे. त्यात घरांचीही यादी होते, घर वापरात आहे की रिकामे आहे हेही लिहिले जाते. तेव्हा आमचे सांगणे असे. प्रत्येक बौद्धवाडीच्या गाव शाखेने आणि मुंबई शाखेने एकत्र बसावे. वर्गणी विहारासाठी काढतो तशी कागदासाठीही काढावी. वाडीतल्या प्रत्येक घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा, घरठाणाचा सातबारा आणि जुने फेरफार काढून एका फाइलीत लावावेत. आजोबांचे नाव इतर हक्कात असेल तर वारस नोंद आधी करून घ्यावी. सुना-लेकींची नावे वगळू नयेत, कारण जमीन त्यांनीच कसली आहे. शिकलेल्या पोरांनी मे महिन्याच्या सुट्टीत क्रिकेटच्या सामन्यांबरोबर चार दिवस तलाठी कार्यालयालाही द्यावेत.

खोताने आम्हाला जमिनीवरून उठवले, गिरणीमालकाने साच्यावरून आणि सरकारी बाबूने यादीतून. १९३८ च्या मोर्चात आमचे आजोबा कौन्सिल हॉलपर्यंत गेले होते. आम्हाला तलाठी कार्यालयापर्यंत तरी जाता आले पाहिजे.

जय भीम!