प्रियसची म्हातारी बॅटरी: बदलायची, दुरुस्त करायची, की गाडीच विकायची?

नवी गाडी आली की सगळेच तिच्यावर बोलतात. आज आपण एका गाडीच्या म्हातारपणावर बोलूया.

डिसेंबर १९९७. टोयोटाने जपानमध्ये प्रियस बाजारात आणली. मोठ्या संख्येने बनलेली ही जगातली पहिली हायब्रिड कार. ताकेशी उचियामादा यांच्या टीमचा पहिला प्रोटोटाइप तब्बल ४९ दिवस जागचा हललाच नव्हता! शेवटी गाडी धावली, पण लोकांच्या मनात एक शंका राहिलीच. बॅटरी गेली की पुढे काय?

इंजिनिअर लोकांनी यावर डिझाइनमध्येच उपाय केला होता. प्रियसची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होत नाही. कॉम्प्युटर तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच ठेवतो. थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरणारी बॅटरी. २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २ लाख मैलांहून जास्त चाललेली २००२ ची प्रियस तपासली. तिचं मायलेज जवळजवळ नव्या गाडीइतकंच निघालं.

पण म्हातारपण कुणाला चुकलंय?

२००४ च्या प्रियसचा पॅक बघा. २८ मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, म्हणजे १६८ सेल एकामागोमाग एक जोडलेले. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, मिळून सुमारे २०० व्होल्ट. सगळ्यांतून करंट सारखाच जातो. त्यामुळे जो सेल अशक्त, तो सगळ्यात आधी भरतो आणि सगळ्यात आधी रिकामा होतो. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, तसंच. हा फरक कॉम्प्युटरच्या लक्षात आला की डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष करून भागत नाही, कारण प्रियसमध्ये इंजिन सुरू करायचं कामही हीच बॅटरी करते.

अमेरिकेत प्रियस २००० मध्ये पोचली. तिथे बॅटरीची वॉरंटी होती ८ वर्षं किंवा १ लाख मैल. ती संपली तसे मालक पर्याय शोधू लागले आणि कंपनीबाहेरची गॅरेजेस हे काम शिकली. त्यातून चार रस्ते तयार झाले.

पहिला, कंपनीचा नवा पॅक. सगळ्यात महाग, पण सगळ्यात निर्धास्त. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल तर हाच.

दुसरा, फक्त खराब मॉड्यूल बदलणं. सगळ्यात स्वस्त. पण बाकीची २७ तितकीच म्हातारी आहेत. आज एक गेलं, काही महिन्यांनी दुसरं जाणार. गाडी लवकरच विकायची असेल तरच यात अर्थ आहे. आणि घेणाऱ्याला तसं सांगून विका, नाहीतर आपलं दुखणं त्याच्या गळ्यात.

तिसरा, दुरुस्त केलेला पॅक. यात प्रत्येक मॉड्यूलची क्षमता मोजून, सारखी सारखी निवडून पॅक बांधतात. काम चांगलं झालंय का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून गॅरेज लेखी वॉरंटी किती महिन्यांची देतंय, ते आधी विचारा.

चौथा, गाडी विकणं आणि पॅक रिसायकलिंगला देणं. निकेल मौल्यवान आहे, ते भंगारात फेकायचं नाही.

यातला कुठलाही रस्ता धरण्याआधी मागच्या सीटजवळची हवेची जाळी बघा. तिथून बॅटरीला थंडावा मिळतो. धूळ, केस अडकले की पॅक तापतो आणि लवकर म्हातारा होतो. जाळी साफ करायला फारसा खर्च नाही. पण पॅक घरी उघडू नका. २०० व्होल्टचा डीसी करंट दुसरी संधी देत नाही.

हे सगळं आपल्याला कशाला? इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडमध्येही निकेल मेटल हायड्राइड बॅटरीच आहे आणि तिची वॉरंटी आहे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. पहिल्या गाड्या २०२३ मध्ये रस्त्यावर आल्या. म्हणजे २०३१ च्या सुमारास हाच प्रश्न पुण्या-नाशिकच्या पार्किंगमध्ये उभा असणार. तेव्हा सेकंड हँड हायब्रिड घेताना किंमत विचारण्याआधी बॅटरीचं वय आणि सर्व्हिसचे कागद मागा.