एक छोटी जाहिरात

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत काय नसते? हरवलेले पाकीट, भाड्याची खोली, मुलीसाठी स्थळ. इतिहास धुंडाळणारा मनुष्य त्या पानाकडे सहसा वळत नाही. परंतु एका दुर्धर व्याधीच्या इतिहासातले मोठे पर्व अशाच एका जाहिरातीने सुरू झाले.

ती व्याधी म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर असावे तसे मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंवर एक वेष्टन असते. शरीराची रक्षणशक्तीच उलटून त्याच्यावर हल्ला करते. मग कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचा तोल जातो, कोणाचे पाय जड होतात. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा नातू ऑगस्टस देस्ते याने १८२२ साली जडलेल्या अशाच दुखण्याची हकीकत रोजनिशीत लिहून ठेवली. १८४८ साली तो वारला; दुखण्याचे नाव त्याला अखेरपर्यंत कळले नाही. पुढे १८६८ साली पॅरिसच्या शार्को या वैद्याने ही व्याधी वेगळी ओळखली आणि तिला नाव दिले.

नाव मिळाले, पण सोबत मिळाली नाही. रोगी आपापल्या घरात एकटाच राहिला.

न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी हिच्या भावाला, बर्नार्डला, ही व्याधी होती. डॉक्टरांपाशी उपाय नव्हता. १९४५ च्या मे महिन्यात तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात दिली. या रोगातून कोणी बरे झाले असल्यास कळवावे, एवढाच तिचा आशय. पन्नासांहून अधिक पत्रे आली. पण ती तिच्यासारखीच आशा धरून बसलेल्यांची! दुसरे कोणी खचले असते. तिने त्या माणसांना एकत्र आणले आणि १९४६ साली संशोधनासाठी संस्था उभारली. रोगाचे झटके कमी करणारे पहिले औषध अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले. तोवर बर्नार्ड हयात नव्हता.

आपल्याकडे मुंबईत १९८५ साली अशा रुग्णांची संस्था निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या व्याधीचा नामनिर्देश झाला. औषधे वाढली, तरी व्याधी समूळ जात नाही.

मी शाळामास्तर. 'आळशी' हा शब्द मी वर्गात किती सहज उच्चारला असेल! या व्याधीतला थकवा बाहेरून दिसत नाही, आणि अडखळत्या पावलांना रस्त्यावरचे लोक दारुडा म्हणतात. औषध डॉक्टर देईल. पण असा शब्द ओठांवरच थांबवणे तर आपल्या हाती आहे ना?