व्यायामजन्य इजा व मनःस्वास्थ्य

व्यायामजन्य इजा व मनःस्वास्थ्य : कुस्ती, मैदानी खेळ, धावणे, वजन उचलणे इ. व्यायामप्रकारांत स्नायू, कंडरा, अस्थिबंध, सांधे व हाडे यांना दुखापत होते. अशा दुखापतीचा मनावर होणारा परिणाम आणि त्यातून सावरण्याचे मार्ग यांचा विचार या विषयात येतो. ज्याचा दिनक्रम, आहार, मित्रमंडळ व लौकिक व्यायामाभोवतीच गुंफलेला असतो, त्याच्या गुडघ्याची इजा केवळ गुडघ्यापुरती राहत नाही. प्रारंभीचा अविश्वास, चिडचिड, निद्रानाश, एकाकीपणा आणि पुन्हा इजा होईल ही भीती, ही तिची सामान्य लक्षणे होत. अवयव बरा होण्याचा काळ व मन सावरण्याचा काळ बहुधा एक नसतो.

प्राचीन विचार : सुश्रुतसंहितेत व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा असे सांगून अतिव्यायामाचे दुष्परिणाम नोंदविले आहेत. अस्थिभंगाचे कांडभग्न व संधिमुक्त असे दोन मुख्य प्रकार मानून त्यांची चिकित्साही तीत दिली आहे. हाताचा तळवा भंगल्यास तो सांधल्यावर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, नंतर मिठाचा खडा व बळ आल्यावर दगड हाती धरावा, असा क्रम तेथे सांगितला आहे. हा उपाय शरीराचा असला, तरी त्याचा मानसिक लाभ उघड आहे. आज मातीचा गोळा पेलला, या अनुभवातून उद्याच्या दगडाविषयीचा विश्वास निर्माण होतो. अमेरिकेत कार्यरत असलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये स्वसामर्थ्याच्या जाणिवेविषयी सिद्धांत मांडला. प्रत्यक्ष यशाचा लहानसा अनुभव हा आत्मविश्वासाचा सर्वांत बळकट आधार असतो, हे त्याचे सार होय.

तालमीची परंपरा : महाराष्ट्रात गावोगावी तालमी व मारुतीची मंदिरे यांच्या आश्रयाने मल्लविद्या वाढली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तिला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम या संस्थांनी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे व शास्त्रीय परीक्षणाचे रूप दिले. जुन्या तालमीत इजेवर तेलाचे मर्दन, हळदीचा लेप, शेक आणि हाडवैद्याची पट्टी असे उपाय होत. मनासाठी स्वतंत्र उपचार नव्हता. तथापि तालमीची रचनाच काही अंशी ते कार्य करी. जायबंदी मल्ल हौद्याच्या कडेला बसून लहान मुलांना डाव सांगे, जोडीदारांचे अंग रगडे व वस्तादांच्या नजरेसमोर राही. त्याची कुस्ती थांबली, तरी जागा सुटत नसे. ज्याचे लढणे कायमचे संपले, त्यालाही वस्तादपणाचा मान खुला असे. या परंपरेची उणी बाजूही होती. वेदना बोलून दाखविणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले गेल्याने अनेकांनी इजा लपविली, आणि यात्रेतील ठरलेल्या कुस्तीसाठी अर्धवट बऱ्या झालेल्या सांध्यावर भार घेतला.

तीन उदाहरणे : इजेनंतरचे आयुष्य किती भिन्न मार्गांनी जाऊ शकते, हे महाराष्ट्रातील तीन खेळाडूंच्या चरित्रांवरून दिसते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. १९५६ च्या मेलबर्न स्पर्धेपूर्वी गुडघ्यास झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांना तेथे उतरता आले नाही. १९५५ मध्ये स्वीकारलेल्या पोलीस सेवेत ते निवृत्तीपर्यंत राहिले.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर (जन्म १९४४) हे सैन्यातील मुष्टियोद्धे. त्यांची इजा व्यायामातील नव्हे, तर १९६५ च्या युद्धातील गोळ्यांची. परंतु तिने त्यांचा खेळ कायमचा हिरावला. उपचाराचा भाग म्हणून सुरू झालेले पोहणे हाच त्यांचा नवा खेळ झाला. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मी. मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

सचिन तेंडुलकर यांना २००४ मध्ये कोपराच्या दुखण्याने ग्रासले व २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया करावी लागली. त्या काळात कारकीर्द संपल्याची धास्ती आपल्याला वाटत होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध पुनरागमनाच्या सामन्यात त्यांनी ९३ धावा केल्या.

पहिल्याचा मार्ग बंद झाला, दुसऱ्याने तो बदलला आणि तिसरा त्याच मार्गावर परतला. तेव्हा पूर्वीच्या खेळात परतणे हीच सावरण्याची एकमेव कसोटी मानता येत नाही.

आधुनिक उपाययोजना : अमेरिकेतील मार्क अँडरसन व जीन विल्यम्स यांनी १९८८ मध्ये मानसिक ताण व क्रीडा-इजा यांचा संबंध मांडला. तणावाखाली स्नायू आखडतात व लक्ष विचलित होते, त्यामुळे इजेचा संभव वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजेच मन हे इजेचे कारण व परिणाम या दोन्ही ठिकाणी असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१९ मध्ये उच्च श्रेणीच्या खेळाडूंच्या मानसिक आरोग्याविषयी तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध करविले. उपायांत इजेची खरी माहिती देणे, लहान व मोजता येतील अशी उद्दिष्टे ठरविणे, श्वसन व शिथिलीकरण, हालचालींचे मनोमन चित्रण, संघाशी संपर्क टिकविणे आणि भीती वाटणारी हालचाल पायरीपायरीने पुन्हा करणे यांचा समावेश होतो. खिन्नता वा निद्रानाश दीर्घकाळ टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञाचे साहाय्य आवश्यक ठरते.

शालेय क्रीडांगणे, गावच्या तालमी व शहरांतील व्यायामशाळा येथे असे साहाय्य सहज उपलब्ध नसते. तेथे शिक्षक, वस्ताद व कुटुंबीय हेच पहिले आधार ठरतात. जायबंदी मुलाला घरी बसवून न ठेवता आखाड्याच्या कडेला जागा देणे ही तालमीची जुनी रीत, आणि वेदना मोकळेपणाने सांगण्यास त्याला मुभा देणे ही आधुनिक शास्त्राची शिकवण, या दोहोंचा मेळ घातल्यास बराच लाभ होऊ शकतो.