कणगीपलीकडचे मांजर

उंदीर मारते म्हणून माणसाने मांजर पाळले, हे उत्तर अर्धेच आहे. सायप्रस बेटावरील शिलूरोकाम्बोस या नवाश्मयुगीन वस्तीत फ्रेंच संशोधक झाँ-देनी व्हीन्य व सहकाऱ्यांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन आढळले. २००४ साली ते प्रसिद्ध झाले. माणसाच्या सांगाड्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांचे मांजर स्वतंत्र खड्ड्यात पुरलेले होते. दोघांचीही डोकी पश्चिमेला. मांजराच्या हाडांवर कापल्याच्या खुणा नव्हत्या. या बेटावर मांजर मूळचे नव्हे. त्याचे पूर्वज माणसाबरोबर होडीतूनच आले असणार. कणगी राखायला मांजर हवे, हे खरे. पण मेल्यावर त्याला माणसाशेजारी जागा का दिली, याचे उत्तर कणगीत सापडत नाही. ते लळ्यातच शोधावे लागते.