रणगाडे वाहणारे जहाज

१९४० च्या उन्हाळ्यात डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य कसेबसे मायदेशी परतले. त्याचे रणगाडे व तोफा मात्र फ्रान्समध्येच राहिल्या. युरोपात पुन्हा पाऊल ठेवावयाचे, तर बंदरावाचून रणगाडे उतरविणारे जहाज हवे, हे तेव्हा उघड झाले. परंतु अशा जहाजाच्या रचनेतच एक विरोध होता. भरसमुद्रात टिकावयाचे तर जहाजाचे बूड पाण्यात खोल असले पाहिजे. किनाऱ्याला लागावयाचे तर ते उथळ असले पाहिजे.

१९४१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन नौदलाच्या जहाजविभागातील जॉन नीडरमायर यांनी हा पेच एका साध्या रेखाटनाने सोडविला. सपाट बुडाच्या जहाजात पाण्याच्या मोठ्या टाक्या ठेवावयाच्या. सागरप्रवासात त्या भरावयाच्या आणि किनारा जवळ येताच रिकाम्या करावयाच्या. मग ३२८ फूट लांबीचे ते जहाज पुढच्या बाजूस सुमारे चार फूट पाण्यातही वाळूला टेके. नाळेची दारे उघडत व रणगाडे बाहेर पडत. परततांना मागे टाकून ठेवलेल्या नांगराचा दोर गुंडाळून जहाज स्वतःला पाण्यात ओढून घेई.

कल्पना उत्तम असली तरी यंत्रे व सुटे भाग कोठून आणावयाचे? त्यासाठी रेल्वेगाड्यांच्या डिझेल एंजिनाचाच नमुना घेण्यात आला. बांधणी साधी असल्यामुळे, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या सेनेका व इव्हान्सव्हिल येथे पूल बांधणाऱ्या कंपन्यांनीही ही जहाजे तयार केली. ती नद्यांतून समुद्राकडे गेली. एकूण हजाराहून अधिक जहाजे बांधली गेली. तरीही ती पुरली नाहीत. अशा नौकांच्या तुटवड्यामुळे नॉर्मंडीवरील स्वारी १९४४ च्या मे महिन्यातून जूनमध्ये ढकलावी लागली.

ब्रिटनला पुरेशी डिझेल यंत्रे मिळाली नाहीत, तेव्हा तेथे रद्द झालेल्या फ्रिगेटांची वाफेची यंत्रे याच कामी वापरण्यात आली. यंत्रे जड, म्हणून जहाजही जड झाले. या वर्गातील ‘अ‍ॅव्हेंजर’ हे जहाज १९४९ साली ‘मगर’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. ज्या देशापाशी जे यंत्र असते, त्यावरच त्याच्या जहाजाची घडण ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

१९४२ साली बांधलेले ३२५ क्रमांकाचे असेच एक अमेरिकन जहाज पुढे ग्रीसच्या नौदलात होते. २००० साली वृद्ध माजी नौसैनिकांनी क्रीट बेटावर त्याची डागडुजी केली आणि ते अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी अलाबामातील मोबील बंदरात आणले. अठ्ठावन्न वर्षांचे यंत्र पुन्हा चालू करता आले, यातच त्या साधेपणाचे मोल आहे. युद्धात वेगाचे कौतुक होते. परंतु जे दुरुस्त होऊ शकते, तेच अखेर तीराला लागते.