भूचुंबकांबरात सौर वाताचा प्रवेश

सूर्याच्या बाह्य वातावरणातून सतत बाहेर पडणाऱ्या आयनद्रायूच्या (विद्युत् भारित कणांच्या, एकंदरीत उदासीन अशा मिश्रणाच्या) प्रवाहास सौर वात म्हणतात. पृथ्वीजवळ त्याचा वेग दर सेकंदास सु. ४०० किमी. असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यास अडविते आणि त्यामुळे पृथ्वीभोवती जी पोकळी राहते, ती चुंबकांबर होय. सूर्याच्या बाजूस तिची सीमा सु. १० पृथ्वीत्रिज्या अंतरावर असते.

ही पोकळी सिडनी चॅपमन व व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३०–३१ मध्ये कल्पिली. मात्र त्यांच्या मते सूर्याकडील प्रवाह चुंबकीय वादळाच्या वेळीच येत असे. तो अखंड असल्याचे भाकीत यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये केले व १९६२ मध्ये मरिनर–२ या यानाने त्यास पुष्टी दिली. त्यामुळे कोडे अधिकच गहन झाले. आयनद्रायू उत्तम विद्युत् संवाहक असल्याने स्वतःच्या चुंबकीय बलरेषांशी जणू बांधलेला असतो व परक्या क्षेत्रात शिरत नाही. मग ध्रुवीय प्रकाशास ऊर्जा कोठून मिळते?

१९६१ मध्ये दोन उत्तरे पुढे आली. ॲक्सफर्ड व हाइन्स यांनी सीमेवरील श्यानतेसारख्या ओढीचा आधार घेतला. जेम्स डंजी यांचे उत्तर अधिक धाडसी होते. सौर वाताबरोबर आलेले क्षेत्र दक्षिणाभिमुख असल्यास ते सीमेवरील भूक्षेत्राच्या विरुद्ध दिशेस असते. तेथे दोहोंच्या बलरेषा तुटून एकमेकींस जोडल्या जातात. एक टोक पृथ्वीत व दुसरे अवकाशात, अशा या रेषांवरून कण आत येतात. बलरेषा आयनद्रायूत ‘गोठलेल्या’ असतात ही कल्पना मांडणारे आल्फव्हेन हेच पुढे या पुनर्जोडणीचे कठोर टीकाकार झाले, हे लक्षणीय आहे.

एक्सप्लोअरर–१२ उपग्रहाच्या नोंदींवरून फेअरफील्ड व कॅहिल यांनी १९६६ मध्ये दाखविले की, दक्षिणाभिमुख क्षेत्राच्या काळात ध्रुवीय प्रदेशांतील चुंबकीय क्षोभ वाढतात. हा पुरावा अप्रत्यक्ष होता. पुनर्जोडणीने सीमेवर वेगवान झालेला आयनद्रायू आयसी उपग्रहांच्या निरीक्षणांत आढळल्याचे पाशमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केले.

तथापि क्षेत्र उत्तराभिमुख असतानाही चुंबकांबराच्या पुच्छात थंड व दाट आयनद्रायू साठतो. डंजी यांच्या १९६१ च्या चित्रात हे बसत नव्हते. वाऱ्याने जलाशयावर लाटा उठाव्यात तसे सीमेच्या पार्श्वभागांवर भोवरे निर्माण होतात व त्यांतून मिश्रण होऊ शकते, असे क्लस्टर उपग्रहांच्या निरीक्षणांवरून २००४ मध्ये दिसून आले. अशा वेळी ध्रुवांजवळील उच्च अक्षांशांवरही पुनर्जोडणी होते. डंजी २०१५ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, एकमेकांपासून सु. १० किमी. अंतरावर असलेले एमएमएस मालिकेतील चार उपग्रह सीमेवरील पुनर्जोडणीच्या स्थानातून गेले आणि बलरेषांपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात तो चिंचोळा प्रदेश त्यांनी प्रत्यक्ष मोजला.