बेलफळ आणि आतड्याचा दाह : रोगनामांचा इतिहास

बेलाचे शास्त्रीय नाव ‘एगल मार्मेलोस’. पोर्तुगीज भाषेत ‘मार्मेलो’ म्हणजे क्विन्स हे फळ. गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात बेलाला ‘बंगालचे मार्मेलो’ म्हटले, तेही जुलाबावरील औषध म्हणून. चरकसंहितेने त्याला मल बांधणारा व अग्निदीपक मानले होतेच. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’तही तो आला.

औषधासाठी कच्चे वा अर्धवट पिकलेले फळ घेत. (ओडिशात पणा संक्रांतीला पितात ते सरबत मात्र पिकल्या बेलाचे!) कच्च्या फळातील टॅनिन प्रथिनांना बांधते, त्याचा तुरटपणा त्यातूनच येतो.

मग आजच्या दाहक आतडेविकारांवर बेल हा प्राचीन उपाय, असे म्हणावे का? ‘अतिसार’, ‘ग्रहणी’, ‘डिसेंटरी’ ही नावे लक्षणांवरून पडलेली आहेत. लंडनच्या सॅम्युएल विल्क्सने व्रणयुक्त कोलायटिसचे वर्णन केले १८५९ मध्ये. जपानच्या कियोशी शिगाला आमांशाचा एक जिवाणू सापडला १८९७ मध्ये, आणि क्रोनचा आजार वेगळा ओळखला गेला थेट १९३२ मध्ये. त्याआधी बेल घेऊन बरा झालेला रोगी यांपैकी कशाने आजारी होता, हे आता ठरवणार कसे? प्रयोगशाळेतील उंदरांत कच्च्या बेलाच्या अर्काने आतड्याचा दाह कमी झालेला दिसला आहे. माणसांवरील पुरावा मात्र तुटपुंजा आहे. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘चरकाने कोलायटिसवर बेल सांगितला’ असे लिहू नका. ‘अतिसारावर’ असे लिहा.